पाऊस सारखाच, सागवान मात्र दोन जातीचं दिसतं



मागच्या हिवाळ्यात घरच्या कामासाठी रीतसर परवानगी घेऊन दोन सागवान तोडले. दोन्ही १९९७ च्या पावसाळ्यात मीच लावलेले, एकाच रोपवाटिकेतले. एक बोडीच्या पाळीवर, दुसरा वरच्या बरडीवर. मधात अंतर दोनशे पावलं. पाळीवरच्याचा घेर ९६ सेंटिमीटर भरला, बरडीवरच्याचा ५८.

पोरगा म्हणे, "बाबा, रोपच खराब असन." मी म्हटलं, थांब, खुंट पाहू.

सागाची वलयं साफ दिसतात. उन्हाळ्यात पानं झडली की वाढ थांबते, पावसाबरोबर परत सुरू होते, म्हणून वर्षाला एक वलय. सालीकडून मोजत २००९ वर आलो. त्या साली देशात पाऊस २२ टक्के कमी होता. बरडीवरच्या खुंटात ते वलय सुतासारखं बारीक. पाळीवरच्यात थोडंसंच अरुंद. नंतरच्या चांगल्या पावसाच्या सालांतही बरडीवरचं झाड मागेच राहिलं.

पाऊस दोघांवर सारखाच पडला. फरक ओलीचा. बरडीवर दिवाळीच्या आधीच मुरूम कोरडा होतो. पाळीला बोडीची ओल पुढेही पुरते, म्हणून त्या झाडाचा वाढीचा हंगाम लांबतो.

पुण्याच्या आयआयटीएम संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मध्य भारतातल्या सागाची वलयं अभ्यासली आहेत. त्यातही पावसासोबत जमिनीतल्या ओलीचा हिशेब आहे. २०२२ मध्ये जगभरातल्या शेकडो ठिकाणच्या वलयांचा एकत्र अभ्यास आला. उष्ण प्रदेशातल्या झाडांची वाढ पावसाळ्यापेक्षा कोरड्या दिवसांतल्या हवामानावर जास्त कमीजास्त होते, असं त्यात निघालं. म्हणजे उन्हाळा जास्त तापला तर आपल्या जंगलाची वाढही आखडू शकते. 

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. "औंदा पाऊस बरा झाला, झाडं वाढतील" हा हिशेब अर्धा आहे. आपल्याकडे वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पडतो, पण बहुतेक सगळा चार महिन्यांत. पडला किती यापेक्षा मुरला किती, ते पाहा. पाऊस आपल्या हातात नाही, ओल थोडीफार आहे.

मी आता असं करतो :

१. बरडीवर झाडाच्या वरच्या अंगाला जून लागायच्या आधी आडवे चर.
२. पालापाचोळा जाळत नाही. मोहफुलं वेचायला खालचं झाडून घेतो, आग लावत नाही. आगीनं ओल धरणारा पाला जातो आन् नवीन रोपटीही मरतात.
३. साग पाळीवर किंवा धुऱ्यावर, पाणी साचणाऱ्या बांधीत नाही. तिथं मुळं गुदमरतात. बरडीवर धावडा, तेंदू राहू देतो.
४. बोडीतला गाळ काढतो. ती बुजली तर धान जाईल आन् पाळीवरची झाडंही.

एक गोष्ट खटकते. दर जुलैत खड्डे आणि रोपं मोजली जातात, फोटो निघतात. तिसऱ्या उन्हाळ्यात किती जगली, तेही तसंच मोजायला हवं. खरी परीक्षा तर तिथंच आहे.

तुमच्या धुऱ्यावर एकाच वयाची दोन झाडं असतील तर टेप लावून घेर मोजा. खालची जमीन कोणती, तेही लिहून ठेवा. तोडायची गरज नाही. दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच उंचीवर मोजलं की पाच वर्षांत झाडच सगळं सांगेल.