घसारा, पायडल आणि आपण

वाणिज्य शाखेत आल्यावर ज्या शब्दांशी कायमची गाठ पडते, त्यांतला एक म्हणजे घसारा. स्थिर हप्ता पद्धतीने दरवर्षी तेवढीच रक्कम वजा करीत गेले की एके दिवशी वस्तू खातेवहीत शून्यावर येते. पण खातेवहीत शून्य झालेली वस्तू खरोखरच संपली असे समजायचे काय? माझे मत ‘नाही’ असे आहे, आणि माझा पुरावा आहे एका जुन्या सायकलच्या पायडलांचा.

सायकल आजोबांची, आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यातली. तो कारखाना केव्हाच बंद पडला. आता ती मी चालवतो. बेळगावच्या पावसाने आणि तांबड्या मातीने तिची पायडले इतकी झिजवली होती की पाय दिला की कुरकुर, हलवले की खडखड. दुकानात एकच सल्ला मिळाला : “नवीन जोडी घाला.” गल्लीच्या कोपऱ्यावर पेटी मांडून बसणाऱ्या मिस्त्रीकाकांनी मात्र पायडल बोटाने फिरवले आणि म्हणाले, “इन्नू नडीतैति.” म्हणजे आपल्या भाषेत, अजून चालतंय.

पायडल सोडवायचे तर एक गोष्ट ध्यानात हवी. उजव्याचे आटे सरळ, डाव्याचे उलटे. म्हणून डावे पायडल उजवीकडे फिरवले म्हणजे सुटते. टोपी काढली की आत नट, वॉशर, कोन आणि छर्ऱ्यांच्या दोन रांगा. सगळे डिझेलमध्ये धुतले. छर्रे झिजलेले होते, पण ५/३२ इंची छर्रा कोणत्याही कंपनीच्या नावावर अडत नाही. तो बाजारात मिळाला. एका कोनावर खड्डे पडले होते. काकांच्या डब्यातला जुना कोन तेथे बसला. ताजे ग्रीस भरून कोन आधी घट्ट केला, मग किंचित सैल केला, आणि तो तसाच धरून वरचा नट आवळला. सारी कला त्या ‘किंचित’मध्ये आहे. ती पुस्तकात सापडत नाही, हातातून हातात जाते.

कोणी म्हणेल, यात गेलेल्या दोन तासांची किंमत धरली का? आक्षेप रास्त आहे. प्रत्येक पायडल वाचतेच असेही नाही. दांडी वाकली किंवा आटे गेले तर ते भंगारातच जायचे. माझा आग्रह एवढाच, की निकाल उघडून पाहिल्यावर द्यावा. आज काही स्वस्त प्लॅस्टिकची पायडले अशी येतात की ती उघडताच येत नाहीत. तेथे निकाल कारखान्यातच लागलेला असतो, ग्राहकाला फक्त पुन्हा पैसे मोजायचे असतात. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली समिती नेमली; तिने शेतीची अवजारे, मोबाईल, घरगुती उपकरणे आणि मोटारी यांपासून सुरुवात केली. सायकलचा हक्क आपणच बजावला पाहिजे.

मला खरी काळजी आहे ती निराळीच. मिस्त्रीकाकांच्या हाताखाली आज एकही शिकाऊ मुलगा नाही. उद्यमबागेत लेथ आणि फाउंड्री चालवणाऱ्या या गावात पायडल उघडणारा हात उरू नये? त्या हाताला घसारा लागला, तर तो कोणत्या खात्यात दाखवायचा?

म्हणून मित्रहो, एक सूचना. कॉलेजच्या सायकल स्टँडजवळ पान्ह्यांची एक पेटी, ग्रीसचा डबा आणि छर्ऱ्यांची पुडी ठेवावी. महिन्यातून एकदा अशा एखाद्या मिस्त्रींना योग्य मानधन देऊन बोलवावे. ते कन्नडमध्ये सांगतील, आम्ही मराठीत विचारू. दोघांची भाषा पायडलाला कळते. प्राध्यापकांनीही आपल्या सायकली घेऊन यावे. विद्यार्थी काम करतील, बिल मात्र लावणार नाहीत!