रिमांडच्या आधीचे दोन तास

केंदूरच्या एखाद्या तरुणाला शिक्रापूर पोलिसांनी रात्री ताब्यात घेतले, तर घरच्यांची पहिली धाव वकिलाकडे जात नाही. आधी गावातला पुढारी, मग ओळखीचा हवालदार. पोराला शिरूरच्या न्यायालयात नेल्याचे कळले की आपला फोन वाजतो. आपण बाररूममधून उठतो, वकीलपत्रावर सही घेतो, रिमांड रिपोर्ट उभ्याउभ्या चाळतो आणि पोलीस कोठडी चारऐवजी दोन दिवसांची मिळावी म्हणून भांडतो. मुळात अटकच कायदेशीर होती का, हे विचारायचे राहून जाते.

६ नोव्हेंबर २०२५ पासून तो प्रश्न न विचारणे ही अशिलाबाबतची गंभीर हयगय आहे, असे आम्हाला वाटते. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने ‘मिहिर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या वरळीच्या मोटार अपघातातून उद्भवलेल्या प्रकरणात निर्णय दिला. अटकेची कारणे लेखी द्यायची, अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत द्यायची, आणि हे प्रत्येक कायद्याखालच्या प्रत्येक गुन्ह्यात करायचे. तोवर पंकज बन्सल (२०२३) आणि प्रबीर पुरकायस्थ (२०२४) हे निवाडे आर्थिक गैरव्यवहाराच्या किंवा यूएपीएच्या खटल्यांपुरते आहेत, असे सांगून सरकार पक्ष वेळ मारून नेत असे. ती वाट आता बंद झाली. हातभट्टीवरचा छापा असो, बांधावरची मारामारी असो की मकोका, राज्यघटनेच्या अनुच्छेद २२(१) चे माप एकच.

न्यायालयाने पोलिसांची अडचणही ओळखली आहे. गुन्हा डोळ्यांदेखत घडत असेल तर अटकेच्या क्षणी कारणे तोंडी सांगितली तरी चालतील. पण लेखी कागद वाजवी वेळेत, आणि काहीही झाले तरी रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी, त्याच्या हाती पडला पाहिजे. तसे झाले नसेल तर अटक आणि त्यावरचा रिमांड दोन्ही बेकायदा ठरतात. म्हणून त्या दिवशी पहिली नजर कागदावरच्या वेळेवर जायला हवी. कागद किती वाजता दिला, सही कोणी घेतली, स्टेशन डायरीतली नोंद त्याच्याशी जुळते का? कलमांची यादी आणि ‘पुढील तपासासाठी आवश्यक’ एवढाच मजकूर असेल, तर ती अटकेची कारणे नव्हेत. या माणसाने काय केले असा पोलिसांचा आरोप आहे, ते त्यात असले पाहिजे.

भाषेची अट आपल्या तालुक्यात सर्वांत जास्त कामाची आहे, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. रांजणगाव आणि सणसवाडीच्या कारखान्यांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेले कामगार आहेत. त्यांच्यापैकी कुणाला मराठी कागद देऊन अंगठा घेतला तर घटनेचे पालन झाले, असे कसे म्हणायचे? ‘हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ (१९६२) हा निवाडा याच राज्यातला. स्थानबद्ध केलेल्या माणसाला कारणे इंग्रजीत दिली होती. त्याने हिंदी भाषांतर मागितले, ते नाकारले गेले, आणि ती स्थानबद्धता टिकली नाही. साठ वर्षांहून जुना हा दाखला रिमांडच्या युक्तिवादात फार क्वचित ऐकू येतो, याची आम्हाला खंत वाटते.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतल्या इतर तरतुदी वाचकांना ठाऊक आहेत. फक्त दोन आठवणी करून देतो. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठीपुढच्या किंवा दुर्बल व्यक्तीला अटक करायची तर कलम ३५(७) खाली उपअधीक्षक वा त्यावरच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. जमिनीच्या भांडणात म्हाताऱ्या बापालाही उचलले जाते, तेव्हा ती परवानगी दाखवायला सांगा. आणि नातेवाइकांना कळवले की नाही, याची खात्री करण्याचे कर्तव्य कलम ४८ ने खुद्द न्यायदंडाधिकाऱ्यांवर टाकले आहे.

अशिलाला मात्र खोटी आशा दाखवू नका. अटक बेकायदा ठरली म्हणून गुन्हा रद्द होत नाही. कारणे लेखी देऊन पोलीस पुन्हा कोठडी मागू शकतात. तरीही हरकत लेखी द्या, ती आदेशात नोंदवून घ्या. नोंद नसेल तर सत्र न्यायालयात त्या हरकतीला आधार राहत नाही.

ज्याला वकीलच नाही त्याचे काय? पहिल्यांदा हजर केल्यावर त्याला वकिलाच्या हक्काची पूर्ण जाणीव करून देणे हे न्यायदंडाधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितले, तेही कसाबच्या खटल्यात. अटकेची खबर जवळच्या विधी साहाय्य समितीला ताबडतोब द्यावी, हा आदेश तर १९८३ चा, मुंबईच्या कोठड्यांतील स्त्रियांसाठी पत्रकार शीला बर्से यांनी लिहिलेल्या पत्रावरचा. शिरूर आणि दौंडच्या वकील संघटनांना आमची विनंती आहे: तालुका विधी सेवा समितीशी बोलून सुट्टीच्या दिवसांसकट रिमांडच्या वकिलांची पाळी लावा, पाळीवरच्या वकिलाचा क्रमांक ठाणे अंमलदाराच्या टेबलावर राहील असे पाहा, आणि विधी सेवेचा १५१०० हा मोफत क्रमांक केंदूरसारख्या प्रत्येक गावच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून घ्या.