‘माझी उद्दिष्टे’ आणि कुलूप लागलेली वाडी

समाजकार्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याकडून अनेक ठिकाणी अर्जासोबत एक लहानसे निवेदन मागितले जाते. तुमची उद्दिष्टे कोणती, आजवर तुम्ही कोणती समाजसेवा केली आणि तुमची वैयक्तिक मूल्ये कोणती, असे साधारण तीन प्रश्न त्यात असतात. हे निवेदन कोणी वाङ्मय म्हणून वाचत नाही. आम्ही मात्र ते बरेच वाचले आहे, कारण मराठी शिकवणाऱ्यांकडे ही मुले भाषा तपासून घ्यायला येतात. आम्ही ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करतो, एखादे वाक्य सुटसुटीत करून देतो, ‘छान लिहिले आहेस’ म्हणतो आणि कागद परत करतो. आज आम्हांला या निवेदनाविरुद्ध बोलायचे आहे. हा एक रूढ झालेला लेखनप्रकार आहे, तो खोटे शिकवणारा आहे आणि तो घडवण्यात आमच्यासारख्यांचा मोठा हात आहे, असे आमचे म्हणणे आहे.

प्रथम त्याचे व्याकरण पाहू. या निवेदनात वाक्यामागून वाक्यात कर्ता ‘मी’ असतो आणि क्रियापदे बहुधा प्रयोजक असतात. शिकणे नसते, शिकवणे असते. जागणे नसते, जागवणे असते. घडणे नसते, घडवणे असते. ज्यांच्यासाठी हे सगळे चालले आहे ती माणसे कर्म म्हणून येतात, नाहीतर ‘त्यांना’, ‘त्यांच्यात’, ‘त्यांच्यापर्यंत’ अशा विभक्तीच्या आणि शब्दयोगी अव्ययांच्या आधाराने उभी राहतात. त्यांच्यात जागृती निर्माण करायची असते, त्यांना प्रवाहात आणायचे असते. ती स्वतः काही करतात, काही नाकारतात, काही विचारतात, असे एकही वाक्य सहसा सापडत नाही. अठरा-वीस वर्षांच्या मुलाला याबद्दल दोष देण्यात अर्थ नाही. प्रश्नच असे आहेत की उत्तरात त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाला कर्तेपण मिळूच शकत नाही.

मुंबई, ठाणे, कल्याण, उल्हासनगर येथील विद्यार्थ्यांच्या निवेदनात समाजसेवेचा पुरावा म्हणून जी गावे येतात, त्यांत मुरबाड आणि शहापूर हे तालुके वारंवार असतात. कारण सोपे आहे. आसनगावला लोकलने उतरले की शहापूर जवळ, आणि कल्याणहून एसटीने मुरबाड. शहराच्या इतक्या जवळ ‘आदिवासी भाग’ मिळतो. शहापूर तालुका संपूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. महादेव कोळी, ठाकूर, कातकरी, वारली यांची वस्ती येथे आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर, समाजकार्य महाविद्यालयाचे ग्रामीण शिबिर, क्षेत्रकार्याच्या भेटी असे बरेच काही या पाड्यांवर होत असते.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. ‘मी नव्हे, तुम्ही’ अशा आशयाचे तिचे बोधवाक्य आहे. दोन वर्षांत २४० तास काम आणि एक सात दिवसांचे विशेष शिबिर अशी तिची रचना. शिबिरे पुष्कळदा हिवाळ्यात होतात, कारण पहिल्या सत्राच्या परीक्षा तेव्हा संपलेल्या असतात. नेमक्या याच दिवसांत कातकरी वाडीवर माणूस नसतो. पावसाळ्यात हाताला काम आणि घरात धान्य नसताना कुटुंबाने वीटभट्टीच्या मालकाकडून किंवा मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दिवाळीनंतर ते कुटुंब मुलाबाळांसह भिवंडी, कल्याण, पनवेल या बाजूच्या भट्ट्यांवर जाते. तेथे आठवड्याची खर्ची मिळते, हिशेब हंगाम संपल्यावर होतो, आणि उचल फिटली नसेल तर पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर जावे लागते. पाऊस तोंडावर आला की माणसे परततात. महाविद्यालयाचे वेळापत्रक आणि वाडीचे वेळापत्रक एकमेकांना असे चुकवत राहतात. शिबिरार्थींना भेटतात ते म्हातारेकोतारे, काही लहान मुले आणि कुलूप लागलेली खोपटी. मग अहवालात लिहिले जाते की ग्रामस्थांचा प्रतिसाद अल्प होता.

या एका वाक्यापाशी आम्ही थांबलो. ‘प्रतिसाद अल्प होता’ हे वाक्य शुद्धलेखनाच्या दृष्टीने निर्दोष आहे. आम्ही त्याखाली कधी लाल रेघ ओढली नाही. परंतु त्यात एका समाजाचे अर्धे वर्ष गायब झाले आहे. कातकरी हा महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित मानल्या गेलेल्या तीन आदिम जमातींपैकी एक (कोलाम आणि माडिया गोंड या उरलेल्या दोन). वेठबिगार पद्धत रद्द करणारा केंद्रीय कायदा १९७६चा आहे, आणि उचलीपोटी माणसाला कामाला बांधून ठेवणे हे त्या कायद्याच्या कक्षेत येते. अनेक कातकरी वाड्या ज्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या उभ्या आहेत, ती सातबाऱ्यावर दुसऱ्याच कोणाच्या नावे असते. शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणे आहेत. तानसाचे पाणी १८९२पासून मुंबईला जाते, आजच्या मुंबईचे सुमारे निम्मे पाणी एकट्या भातसाचे असते, आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. आता या पार्श्वभूमीवर स्वच्छता, बचत आणि व्यसनमुक्ती यांवरचे पथनाट्य ठेवून पाहावे. शिबिरार्थी ज्या नळाचे पाणी पिऊन वाढला, तो नळ कोठून येतो हा प्रश्न त्याच्या ‘वैयक्तिक मूल्यां’त का येत नाही? कारण मूल्य म्हणजे प्रामाणिकपणा, करुणा, सहानुभूती अशी आपल्या आत असलेली चांगली गोष्ट, असे आम्हीच त्याला शिकवले आहे. आपण कोणाचे काय घेत आहोत हेही मूल्यांच्या चर्चेत येते, हे सांगायचे राहून गेले.

येथे कोणी म्हणेल की हे सगळे अपरिहार्य आहे, विद्यार्थी आणखी काय करणार? म्हणून दोन-तीन उदाहरणे याच मुलखातील देतो.

मुरबाड तालुक्यात सिद्धगड आहे. २ जानेवारी १९४३ रोजी तेथे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. दरवर्षी तेथे अभिवादन होते. आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडल्याची कथा सर्वांना ठाऊक असते. माथेरानला नाभिक कुटुंबात जन्मलेला हा वकील त्याआधी काय करीत होता, हे मात्र कमी सांगितले जाते. त्याने शेतकऱ्यांच्या मुलांसाठी स्वयंसेवी शाळा काढल्या आणि सावकाराकडून पावसाळ्यात काढावे लागणारे धान्य शेतकऱ्यांना आपसांत मिळावे म्हणून धान्यकोठ्या उभारल्या. धान्यकोठीची कल्पना ज्याला सुचते, त्याला शेतकरी वर्षाच्या कोणत्या महिन्यात आणि कोणापुढे हात पसरतो हे माहीत असावे लागते. हे ज्ञान उद्दिष्टांच्या यादीतून येत नाही.

दुसरे उदाहरण पुस्तकाचे आहे आणि आमच्या वाचकांच्या रोजच्या परिचयातले आहे. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ १९७० साली प्रसिद्ध झाले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गोदूताई भारत सेवक समाजातून आलेल्या. सेवा हा शब्द त्यांना संस्थेकडूनच मिळाला होता. पुढे त्या संस्थेबाहेर पडल्या आणि किसान सभेच्या कामात आल्या. जानेवारी १९४५मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तेथे उंबरगाव तालुक्यातून काही वारली आले आणि आपल्याकडे या, असे त्यांनी सांगितले. हा क्रम महत्त्वाचा आहे. निमंत्रण वारल्यांचे होते. त्याच वर्षी वारल्यांनी वेठ नाकारली. सरकारला ही वेठ ठाऊक नव्हती असे नाही. सायमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याने त्याआधी काही वर्षे आदिवासींच्या स्थितीवर सविस्तर अहवाल सरकारला दिला होता. अहवाल असूनही वेठ चालू होती. ती थांबली ती राबणाऱ्यांनी राबायचे नाकारले तेव्हा. पुस्तकाच्या शीर्षकातील क्रियापद आता पुन्हा पाहावे. ते ‘जागवतो’ नाही, ‘जागा होतो’ असे आहे, आणि त्याचा कर्ता लेखिका नाही. आम्ही हे पुस्तक किती वर्षे शिकवले! त्यातील निवेदन, प्रादेशिकता आणि आत्मचरित्र-इतिहास यांची सरमिसळ यांवर प्रश्न काढले. तेच विद्यार्थी दुसऱ्या दिवशी ‘आदिवासींना जागृत करणे’ असे लिहून आणतात आणि आम्हांला त्यात विसंगती दिसत नाही.

तिसरे उदाहरण अलीकडचे. विधायक संसदेने १९९०च्या दशकात ठाणे जिल्ह्यातील वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची मजुराची झोपडी. मूल शाळेत येत नाही याचे उत्तर ‘पालकांमध्ये शिक्षणाविषयी अनास्था’ असे न लिहिता, मूल कोठे गेले आहे ते पाहून शाळाच तेथे नेली. आणि काळू धरणाचे काम मुरबाड तालुक्यात सुरू झाले, तेव्हा श्रमिक मुक्ती संघटनेने ते न्यायालयात नेले आणि २०१२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबवले. या तालुक्यातील माणसांना उद्दिष्टे असतात. कोणी विचारले तर ती सांगतातही.

आमच्यावर एक आक्षेप येणार, तो रास्त आहे. निदान ही मुले जातात तरी. खुर्चीत बसून त्यांच्या वाक्यांची चिरफाड करणाऱ्या प्राध्यापकांनी काय केले? आम्ही हा आक्षेप मान्य करतो. मुलांनी जाऊ नये असे आम्ही मुळीच म्हणत नाही. सात दिवसांच्या शिबिरात रात्री एखाद्या ओट्यावर बसून ऐकलेल्या गोष्टीने आयुष्याची दिशा बदललेले विद्यार्थीही असतात. समाजकार्याच्या शिक्षणातही या प्रश्नांचा विचार करणारी माणसे आहेत. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९३६ साली मुंबईत देशातले पहिले समाजकार्य विद्यालय उभे केले, त्यामागे नागपाड्याच्या वस्तीत दहाएक वर्षे राहून केलेले काम होते. आधी वस्ती आणि मग अभ्यासक्रम हा तो क्रम. आमचा राग मुलांच्या जाण्यावर नाही. जाण्याआधीच सगळे ठरवून टाकणाऱ्या, आणि परतल्यावर तेच पुन्हा लिहून घेणाऱ्या भाषेवर आहे.

ही भाषा कोठून येते? ‘मी समाजसेवक झालो तर’ आणि ‘माझे ध्येय’ हे निबंध आम्ही शाळेपासून लिहून घेतो. त्यांत उदात्त शब्दांना गुण असतात. कोणा एका माणसाविषयी नेमके लिहिले, पंप नादुरुस्त असल्याने विहिरीवर लागलेली रांग लिहिली, मुकादमाने किती उचल दिली आणि किती कापली ते लिहिले, तर ‘विषयांतर’ असा शेरा पडतो. पुढे हाच विद्यार्थी क्षेत्रकार्याचा अहवाल लिहितो. तो अहवाल महाविद्यालयाच्या कपाटात जातो. ज्या बाईने भट्टीवरून परतल्यावर, अंगात ताकद नसताना, चुलीपाशी बसून सगळे सांगितले, तिला त्यात आपल्याविषयी काय लिहिले गेले हे कधी कळत नाही. दुसऱ्या वर्षी दुसरी तुकडी येते आणि तेच प्रश्न नव्याने विचारते. ‘मागच्या साली लिहून नेलंत, त्याचं काय झालं?’ असे वाडीवर कोणी विचारले, तर त्याला आम्ही दिलेल्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात उत्तर नाही.

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. त्या इतरांइतक्याच आमच्याकडूनही आहेत. पहिली, प्रवेशाच्या वेळी उद्दिष्टे आणि मूल्ये विचारणे बंद करावे. त्याऐवजी विद्यार्थ्याला काय ठाऊक नाही, ते तो कोणाकडून शिकणार आहे आणि ती व्यक्ती वर्षाच्या कोणत्या काळात घरी असते, हे विचारावे. उद्दिष्टे शेवटी लिहू द्यावीत. दुसरी, क्षेत्रकार्याचा प्रत्येक अहवाल मराठीत लिहिला जावा आणि ज्या पाड्यावर तो घडला तेथे, माणसे परतल्यावर, मोठ्याने वाचून दाखवला जावा. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांनी हरकत घेतली तर ती हरकत अहवालात नोंदवली जावी, आणि तेवढे झाल्याशिवाय गुण दिले जाऊ नयेत. तिसरी, मराठीच्या वर्गात ही निवेदने आणि हे अहवाल गोदूताईंच्या पुस्तकाशेजारी ठेवून वाचावेत, कर्ता कोण आणि कर्म कोण हे विचारत.

यातील दुसरी मागणी अव्यवहार्य आहे असे आम्हांला सांगितले जाईल. परीक्षा मार्चमध्ये असतात, माणसे पावसाच्या तोंडावर परततात, निकाल कसा लावणार? अडचण खरी आहे. पण ती अडचण आज वाडी सोसते आहे. एखादे वर्ष विद्यापीठाने सोसून पाहावी. आम्ही आमच्यापुरते ठरवले आहे. यापुढे असे निवेदन तपासायला आले तर ऱ्हस्वदीर्घाला हात लावण्याआधी ‘त्यांना’ या शब्दाखाली रेघ ओढायची आणि समासात लिहायचे: हे कोण, आणि यांनी तुला काय सांगितले?