‘पुढचा ब्रेक दाबू नकोस हं!’ हे वाक्य आता पुरे

मंडळी, पोस्ट लांब आहे. विषय मुलांच्या सायकलचा आहे आणि मला थोडं भांडायचं आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

लहानपणी सायकल शिकताना आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाने एक वाक्य ऐकलंय. "पुढचा ब्रेक दाबू नकोस हं, तोंडावर आपटशील!" बाबांनी सांगितलं, काकांनी सांगितलं, तासाच्या भाड्याने सायकल देणाऱ्या दुकानदारानेही सांगितलं. मेतकुटाच्या डब्यासारखं हे वाक्य आपल्यासोबत अमेरिकेत आलं. आज एडिसनपासून फ्रीमाँटपर्यंत आपली माणसं मुलांच्या सायकलमागे धावताना तेच ओरडतायत.

माझं म्हणणं सरळ आहे. पावसात, गाड्यांच्या गर्दीत सायकल चालवणाऱ्या मुलासाठी हा सल्ला धोक्याचा आहे. तो बंद करा आणि त्या जागी ब्रेक कसा लावायचा ते शिकवा.

मी इंजिनियर नाही, सीए आहे. त्यामुळे भावनेपेक्षा आकड्यांवर विश्वास. तर आधी आकडे.

ब्रेक लावला की वजन पुढे सरकतं. एसटीच्या ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला की उभी माणसं पुढे कलंडतात, तसंच. सायकलच्या पुढच्या चाकावर भार वाढतो, म्हणून त्याची रस्त्यावरची पकड वाढते. मागचं चाक हलकं होतं, त्याची पकड जाते. अशा हलक्या चाकाचा ब्रेक जोरात दाबला तर ते फिरायचं थांबतं, पण सायकल थांबत नाही, घसरत पुढे जाते.

आता हिशोब. ताशी १५ मैल, म्हणजे २४ किलोमीटर वेग धरा. थोड्या उतारावर पाचवीतलं पोरही हा वेग सहज गाठतं. कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट वापरले तर सायकल साधारण साडेचार मीटरमध्ये थांबते. फक्त मागचा वापरला तर साधारण नऊ मीटर लागतात. मधला फरक एका कोरोलाच्या लांबीएवढा. समोर ड्राइव्हवेतून मागे येणारी गाडी असेल तर तिला धडकणं आणि न धडकणं यांतला हा फरक आहे. शिवाय समोरचं दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर आणखी पावणेसात मीटर खर्ची पडले, तेही ब्रेक न लागता.

हे सगळं कोरड्यात. पावसात पकड कमी होते आणि दोन्ही आकडे वाढतात, दीडपट, कधी दुप्पट. आणि वेग वाढला की अंतर त्याच्या वर्गाने वाढतं. वेग दुप्पट, तर थांबायचं अंतर चौपट. चक्रवाढ व्याजाला घाबरणाऱ्या लोकांना हे वेगळं सांगायला नको.

म्हणूनच ई-बाइक घेऊन देणाऱ्यांनी जरा थांबा. क्लास ३ ची ई-बाइक ताशी २८ मैलांपर्यंत मोटरची मदत देते. त्या वेगाला, उत्तम ब्रेक लावून, कोरड्यातही सुमारे १६ मीटर लागतात. कॅलिफोर्नियात १६ वर्षांखालच्या मुलांना ती चालवायला बंदी आहे, ती काही उगाच नाही.

"आम्ही चांगल्या ब्रँडची सायकल घेतलीये, डिस्क ब्रेकवाली." छान. पण डिस्क ब्रेक चाक थांबवतो, सायकल थांबवतो तो टायर आणि रस्ता. जुन्या पद्धतीच्या रिम ब्रेकला पावसात आणखी एक अडचण असते. रिमवर पाण्याचा थर असतो, तो पुसला जाईपर्यंत पहिले काही फेरे ब्रेक जवळजवळ लागतच नाही. डिस्कने ती अडचण बरीच जाते. पण ओल्या रस्त्यावरची टायरची पकड डिस्क विकत घेऊन वाढत नाही.

इथल्या सरकारी नियमाचंही बघा. सायकलींचे नियम कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशनच्या अखत्यारीत येतात. ब्रेकची चाचणी अशी: निदान १५० पौंड वजनाचा माणूस, ताशी १५ मैल वेग, आणि १५ फुटांत सायकल थांबली पाहिजे. म्हणजे वर लिहिलेले तेच साडेचार मीटर. पण चाचणी कुठे घ्यायची? कोरड्या, स्वच्छ, गुळगुळीत रस्त्यावर! आमच्या धंद्यात म्हणतात, ताळेबंद नंतर वाचा, आधी खालच्या नोट्स वाचा. इथे नोटच सांगते की पावसाबद्दल या चाचणीत काहीही नाही. ते काम सायकल बनवणाऱ्याने केलेलं नाही, तुमच्याआमच्यावर सोडलंय.

आता आपल्या मुलांचा खास घोळ. तो दोन ठिकाणी आहे.

पहिला घोळ डाव्या-उजव्याचा. आपण अ‍ॅक्टिव्हा-स्कुटीवर वाढलो. तिथे उजव्या हाताला पुढचा ब्रेक. अमेरिकेतल्या सायकलवर नियमानेच उलटं असतं: डाव्या हाताला पुढचा, उजव्याला मागचा. त्यामुळे हाताच्या जुन्या सवयीने तुम्ही पोराला "डावा दाब, तो मागचा" असं सांगितलंत, तर तुम्ही त्याला नेमका पुढचा ब्रेक एकटा दाबायला सांगितलात! आज घरी गेल्यावर आधी हे तपासा. सायकल ढकलत चालवा, एकेक लिव्हर दाबा आणि कुठलं चाक अडतं ते मुलालाच सांगू द्या.

दुसरा घोळ पायाच्या ब्रेकचा. इथल्या बऱ्याच छोट्या सायकलींना पेडल उलटं मारलं की ब्रेक लागतो. सीटची उंची साधारण २२ ते २५ इंचांमधली असेल तर नियमाने तो असावाच लागतो. हा ब्रेक मागच्या चाकाचा. म्हणजे मूल तीन-चार वर्षं पायानेच, मागचंच चाक थांबवायला शिकतं. मग वाढदिवसाला गिअरची मोठी सायकल येते. तिच्यावर पेडल उलटं मारलं तर काहीच होत नाही. घाबरलेलं शरीर मात्र जुनीच सवय काढतं. पाय उलटे फिरतात, सायकल पुढे जाते, आणि मग घाबरून एकच हात लिव्हर करकचून दाबतो. मोठी सायकल दिली त्या दिवशी आपण मुलाचे ब्रेक बदलले. हे कुणी त्याला बसवून सांगितलं का?

"पण पुढचा ब्रेक खरंच धोक्याचा असतो ना?" हा प्रश्न येणार, आणि तो बरोबर आहे. म्हणून उत्तर नीट देते.

तोंडावर आपटण्याची भीती मुख्यतः कोरड्या रस्त्याची आहे. तिथे पकड भरपूर असते, एकदम पुढचा ब्रेक आवळला तर मागचं चाक उचलू शकतं. ओल्या सपाट रस्त्यावर पकडच कमी, त्यामुळे सायकल उलटण्याआधी चाक घसरतं. आणि हो, मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं तर बहुतेक वेळा माणूस खाली. हे मी नाकारत नाही. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? पुढचा ब्रेक वापरायचाच नाही हा? की तो पावसात हळुवार, मोजून, मागच्याच्या जोडीने वापरायला शिकायचं हा? चुलीने हात भाजतो म्हणून आपण मुलांना स्वयंपाक न शिकवता सोडत नाही.

भारत सरकारचंच उदाहरण घ्या. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं आणि त्याखालच्यांना निदान कॉम्बी ब्रेक. कॉम्बी ब्रेक म्हणजे काय? अ‍ॅक्टिव्हावर तुम्ही डावा, म्हणजे मागचा लिव्हर दाबलात की पुढचाही आपोआप थोडा लागतो. म्हणजे पुण्याच्या रस्त्यावरची स्कूटरसुद्धा आता "पुढचा दाबू नकोस" हे ऐकत नाही. न्यू जर्सीतले आपण मात्र अजून तेच म्हणतोय!

दुसरा आक्षेप: "आम्ही पावसात सायकल देतच नाही." पण पाऊस तुमची परवानगी काढून येत नाही. सकाळी ऊन असतं, तीनला शाळा सुटताना भुरभुर सुरू होते. आणि पोरगं उद्या कॉलेजला डेव्हिसला किंवा मॅडिसनला गेलं, जिथे निम्मं कॅम्पस सायकलवर फिरतं, तिथे तुम्ही हवामान बघून फोन करणार आहात का? बंदी ही तुमच्या मनाची सोय आहे. मुलाच्या हातात त्याने काही येत नाही.

तिसरा आक्षेप: "हेल्मेट आहे की." हेल्मेट हवंच, त्यावर वाद नाही. पण हेल्मेट हा विमा आहे, नुकसान झाल्यावर कामी येणारा. ब्रेक लावता येणं म्हणजे नुकसान होऊ न देणं. कुठल्याही कंपनीला विचारा, विमा काढला म्हणून कुणी तिजोरी उघडी ठेवत नाही. २०२२ साली अमेरिकेत वाहनांच्या अपघातांत १,१०५ सायकलस्वार गेले. ते सगळे ब्रेकमुळे गेले असं मी म्हणत नाही, रस्ते आणि गाड्यावाले यांचा वाटा मोठा आहे. पण गाडीवाल्याचा ब्रेक माझ्या हातात नाही. माझ्या मुलाचा आहे.

तर शिकवायचं काय? अर्ध्या तासाचं काम आहे, दोनदा करा.

१. रिकामा, सपाट पार्किंग लॉट, कोरडा दिवस. खडूने रेघ मारा. रेघेवर पोचलं की दोन्ही ब्रेक. आधी चालण्याच्या वेगाने, मग वाढवत. लिव्हर लिंबू पिळतो तसा पिळायचा, हळूहळू जोर वाढवत. दिव्याच्या बटणासारखा खटकन नाही.

२. ब्रेक लावताना पार्श्वभाग सीटवर मागे, हात ताठ, नजर समोर. मागचं चाक घसरायला किंवा उचलायला लागलं तर पुढचा ब्रेक किंचित सैल करायचा. लीग ऑफ अमेरिकन बायसिकलिस्ट्सच्या वर्गांत याला ‘क्विक स्टॉप’ म्हणून शिकवतात.

३. हेच पाऊस थांबल्यावर, ओल्या लॉटमध्ये, अर्ध्या वेगाने. रिम ब्रेक असेल तर आधी हलका दाब देऊन पाणी पुसायचं, मग खरा ब्रेक. थांबायला किती जास्त जागा लागते ते मुलाने स्वतःच्या पावलांनी मोजू दे. तुमच्या दहा भाषणांपेक्षा ती पावलं लक्षात राहतील.

४. घसरड्या जागा तोंडपाठ: क्रॉसवॉकचे रंगवलेले पट्टे, मॅनहोलची झाकणं, रस्त्याच्या कामावरच्या लोखंडी प्लेटा, लाकडी पूल. आणि आपल्या इथे ईस्ट कोस्टला दिवाळीच्या सुमारास पडलेली ओली पानं, जी बर्फाइतकीच दगा देतात. बे एरियात महिनोन् महिने पाऊस नसतो, मग पहिल्या सरीत रस्त्यावरचं सगळं तेल वर येतं, अगदी पुण्यातल्या जूनच्या पहिल्या पावसासारखं. अशा जागी ब्रेकही नाही आणि वळणंही नाही. वेग आधीच कमी करून सरळ पार व्हायचं.

५. रेल्वेचे किंवा ट्रामचे रूळ शक्यतो काटकोनात ओलांडायचे. टेनेसीतल्या नॉक्सव्हिलमध्ये एका तिरक्या रेल्वे क्रॉसिंगवर विद्यापीठातल्या संशोधकांनी कॅमेरा लावला, तर दोन महिन्यांत ५० हून अधिक सायकलस्वार पडलेले दिसले. कारण रूळ ओलांडण्याचा कोन.

६. वळणाआधी ब्रेक, वळणात नाही. चाक घसरलंच तर ज्या चाकाचा ब्रेक जास्त लागलाय तो सैल सोडायचा. हँडलला झटका द्यायचा नाही.

७. ट्रॅफिकमध्ये पावसात पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर. बोटं लिव्हरवर तयार. आणि मागच्या गाडीलाही रस्ता ओलाच आहे, काच धुरकट आहे, हे धरून चालायचं.

वॉशिंग्टन डी.सी.च्या सरकारी शाळांमध्ये २०१५ पासून दुसरीच्या मुलांना सायकल शिकवतात. नेदरलँड्समध्ये प्राथमिक शाळेतच मुलं रहदारीची परीक्षा देतात. आपल्या बहुतेक गावांत असं काही नाही. मग वाट कुणाची बघायची? गणिताच्या क्लासला, भरतनाट्यमला, रोबोटिक्सला नेण्यासाठी आपण आठवड्यातून सहा फेऱ्या मारतो. गाडीचे वायपर हिवाळ्याआधी आठवणीने बदलतो. सायकलच्या ब्रेकची रबरं शेवटची कधी पाहिली?

माझी एक ठोस सूचना आहे. आपली मराठी शाळा बहुतेक ठिकाणी रविवारी भरते, भाड्याच्या शाळेच्या इमारतीत, आणि बाहेरचा मोठा पार्किंग लॉट निम्मा रिकामा असतो. वर्षातून दोन रविवार, तास संपल्यावर अर्धा तास, मुलांनी सायकली आणायच्या. चार शंकू, एक खडू, दोन पालक. मंडळाला खर्च शून्य. आणि ठरलेल्या रविवारी पाऊस आला, तर कृपा करून कार्यक्रम रद्द करू नका. लॉट बंद करून, वेग कमी ठेवून, त्या दिवशीच घ्या.

तुमच्या गावच्या मराठी शाळेत हे कोण उचलणार, ते आजच ठरवा. आणि तोवर घरात निदान एक करा. पुढच्या वेळी कुणी आजोबा, काका, शेजारी "पुढचा ब्रेक दाबू नकोस" म्हणाले, की त्यांना चहा द्या आणि मुलाला सांगा: "दोन्ही दाब. हळू दाब. आणि पावसात आधीच दाब."