धुरावरची मिरची

घरोघरी वर्षाच्या तिखटाची बेगमी चालू असताना हा अंक तुमच्या हाती येतो आहे, म्हणून यंदा स्पेनला जायचं ठरवलं. बार्सिलोना किंवा माद्रिदला नव्हे. तिथलं पुष्कळ छापून झालं. आम्ही निवडला आहे ला वेरा हा एक्स्त्रेमादुरामधला चिमुकला मुलूख. ग्रेदोस पर्वताच्या दक्षिण उतारावर, तिएतार नदीच्या खोऱ्यात वसलेला.

मिरची अमेरिकेतून स्पेनमध्ये आली आणि पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्याकडे. आपण ती उन्हात वाळवली. ला वेरात मात्र ऐन काढणीला शरदातला पाऊस गाठतो. म्हणून तिथले शेतकरी ती ओकच्या लाकडांच्या धुरावर, रोज हाताने उलटत, दोनेक आठवडे सुकवतात. त्यातून तयार होणारं पिमेंतोन हे लालभडक तिखट गोड, मध्यम आणि जहाल अशा तिन्ही प्रकारांत मिळतं. चोरिसो सॉसेजचा रंग त्याचाच. (आमच्या मते पिठल्यावरही ते शोभेल.)

युस्तेचा मठ याच मुलुखात आहे. निम्म्या युरोपवर राज्य केलेला पाचवा चार्ल्स सत्ता सोडून 1557मध्ये इथे येऊन राहिला आणि पुढच्याच वर्षी वारला. अंकात तो आहे, पण पाहुण्यासारखा. जास्त पानं आम्ही सुकवणीच्या कोठ्यांना, लाकडी सांगाड्यांच्या घरांना आणि डोंगरातून धावत येणाऱ्या ओढ्यांना दिली आहेत.

तुमच्याकडे मिरची, मासळी किंवा आणखी काही धुरावर टिकवत असतील, तर कसं ते सविस्तर लिहून कळवा. निवडक पत्रं पुढच्या अंकात छापू.