सकाळची खुंटी

जून महिन्याच्या अखेरीस आमच्या विदर्भात शाळा उघडतात. नव्या पुस्तकांना वेष्टने चढतात, कोऱ्या वह्यांचा वास घरभर दरवळतो आणि अशा वेळी पुष्कळ मुलांच्या मनात एक संकल्प उगवतो. एका कागदावर रेघा आखून ठळक अक्षरांत दिनक्रम लिहिला जातो : पाचला उठणे, सव्वापाचला व्यायाम, पावणेसहाला स्नान, सहा ते साडेसात अभ्यास. तो कागद भिंतीवर लागतो. पहिला आठवडा मोठ्या उत्साहात जातो. दुसऱ्या आठवड्यात पावसाची झड लागते, अंथरुणाची ऊब सोडवत नाही, आणि पोळ्याचा सण येईपर्यंत कागद तेवढा भिंतीवर उरतो. त्यातील एकही ओळ आचरणात उरत नाही.

मी तीस वर्षांहून अधिक काळ शाळेत शिकविले. शेवटची काही वर्षे मुख्याध्यापक होतो. असे कागद मी अनेक पाहिले आणि खरे सांगावयाचे तर लहानपणी स्वतःही लिहिले. तेव्हा माझी समजूत अशी होती, की दिनक्रम मोडतो तो निश्चय कच्चा असतो म्हणून. आज वडनेरला निवृत्तीच्या निवांतपणात विचार करतो तेव्हा वाटते, की ती समजूत चुकीची होती. दोष निश्चयाचा क्वचितच असतो. सदरा कितीही सुंदर असला, तरी भिंतीला खुंटी नसेल तर तो जमिनीवरच पडावयाचा. सकाळच्या नव्या सवयीलाही अशीच एक खुंटी लागते. ती नसली म्हणजे सवय घसरते, आणि आपण मात्र आपल्या निश्चयाला बोल लावीत बसतो.

ही खुंटी म्हणजे काय, हे महात्मा गांधींच्या आयुष्यातील एका लहानशा गोष्टीवरून समजेल. १९०३ च्या सुमारास गांधीजी दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग शहरी वकिली करीत होते. त्यांना गीता मुखोद्गत करावयाची होती. परंतु कामाच्या गर्दीत त्यासाठी निराळा वेळ मिळेना. सकाळी दात घासावयास त्यांना १५ मिनिटे लागत आणि स्नानास २०. दात ते उभ्याने घाशीत. तेव्हा त्यांनी समोरच्या भिंतीवर श्लोक लिहिलेल्या कागदाच्या चिठ्या चिकटविल्या. दात घासता घासता त्यांवर नजर टाकावी आणि श्लोक मनात घोळवावा, असा क्रम त्यांनी ठेवला. नवे श्लोक पाठ करण्यास आणि जुने आठवून पाहण्यास तेवढा वेळ पुरेसा होई. अशा रीतीने गीतेच्या १८ अध्यायांपैकी १३ अध्याय त्यांना पाठ झाले. ही हकिकत त्यांनी आपल्या आत्मकथेत स्वतः सांगितली आहे.

मुलांनो, गांधीजींनी येथे काय केले नाही, तेही पाहा. श्लोकांसाठी ते तासभर आधी उठले नाहीत, की त्यांनी कोणतीही मोठी शपथ घेतली नाही. दात घासणे तर रोज होतच होते. ते कोणी विसरत नाही. या न चुकणाऱ्या गोष्टीला त्यांनी नवी गोष्ट अडकविली. हीच ती खुंटी. पुढे सत्याग्रहाचे काम वाढले आणि पाठांतर मागे पडले, हेही त्यांनी न लपविता लिहिले आहे. तेरा अध्याय मात्र पदरी पडले होते.

खुंटी मिळाली, तरी तिला पेलेल एवढेच ओझे तिच्यावर टांगावे. याचे उदाहरण आपल्या वर्ध्यातच आहे. विनोबा भावे १९२१ साली वर्ध्यास आले. गीता सोप्या मराठीत असावी, अशी त्यांच्या आईची इच्छा होती. ती पूर्ण करण्यासाठी ७ ऑक्टोबर १९३० रोजी पहाटेच्या प्रार्थनेनंतर त्यांनी ‘गीताई’ लिहावयास आरंभ केला आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी ती पूर्ण केली. गीतेचे श्लोक ७०० आणि हे दिवस १२३. तुम्ही भागाकार करून पाहा : रोजचे सरासरी सहादेखील श्लोक होत नाहीत. ज्या ग्रंथाच्या लाखो प्रती महाराष्ट्रात घरोघर गेल्या, त्याचा रोजचा वाटा एवढा लहान होता. उलट, आपल्या भिंतीवरच्या कागदात आपण पहिल्याच दिवशी व्यायाम, स्नान, पाठांतर आणि दीड तासाचा अभ्यास एकदम मांडून ठेवतो!

आता कोणी विचारील, की अशी सवय अंगवळणी पडण्यास किती दिवस लागतात? याचा शोध लंडन येथील विद्यापीठात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. त्यांचा निबंध २०१० साली छापून आला. त्यांनी ९६ माणसांना एकेक साधी सवय निवडावयास सांगितली. मात्र ती रोज एकाच प्रसंगाला जोडलेली असावी, उदाहरणार्थ न्याहारीनंतर, अशी अट होती. बारा आठवडे नोंदी ठेवल्या गेल्या. सवय आपोआप होऊ लागण्यास साधारणपणे ६६ दिवस लागतात, असे दिसले. परंतु माणसामाणसांत फार अंतर होते. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. शेजारच्या मित्राची सवय महिन्यात लागली आणि आपली लागली नाही, म्हणून आपण आळशी ठरत नाही. याच शोधातील दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. मध्ये एखादा दिवस चुकला, तरी सवय लागण्यास त्यामुळे फारसा अडथळा येत नाही. आपला दिनक्रम बहुधा चुकलेल्या दिवसामुळे मोडत नाही. ‘आता मोडलाच आहे, तर राहू द्या,’ असे आपण दुसऱ्या दिवशी म्हणतो, तेव्हा तो मोडतो.

पहाटेविषयी बोलताना रात्रीला विसरून चालत नाही. गांधीजी १९३६ साली आमच्या जिल्ह्यातील शेगाव या खेड्यात राहावयास आले. १९४० साली त्याचे नाव सेवाग्राम झाले. तेथील आश्रमात पहाटे चारच्या सुमारास घंटा वाजे आणि अंधारातच सर्वजण प्रार्थनेला जमत. या घंटेचे कौतुक सर्वांना असते. परंतु आश्रमात रात्रीची निजानीजही लवकर होत असे, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. तुमच्या वयाच्या मुलांना रात्री सुमारे नऊ तास झोप हवी. म्हणजे पाचला उठावयाचे, तर आठला निजले पाहिजे. घरात नऊला निजानीज होत असेल, तर सहाला उठण्यात काही कमीपणा नाही. आपल्या शरीरात एक घड्याळ असते आणि सकाळच्या उजेडाने ते रोज लावले जाते. या घड्याळाचे आतील यंत्र उलगडून दाखविल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. रात्री उशिरापर्यंत मोबाइलचा उजेड डोळ्यांवर घेतला, की हे घड्याळ मागे पडते. मग पहाटे आईने कितीही हाका मारल्या, तरी शरीराच्या लेखी रात्रच असते.

सेवाग्रामची घंटा सर्वांसाठी एक होती. परंतु घरोघरची सकाळ काही एक नसते. हे मला फार उशिरा कळले, आणि ज्या प्रसंगाने कळले तो सांगताना मला आजही संकोच वाटतो.

मी मुख्याध्यापक असताना सातवीतील एक मुलगी दिवाळीनंतर वारंवार उशिरा येऊ लागली. प्रार्थना सुरू झाल्यावर ती फाटकाशी दिसे. मी तिला बाहेर उभी करी. एकदा तर सर्व शाळेसमोर आळसावर चांगले दहा मिनिटे बोललो आणि बोलताना तिच्याकडेच पाहत होतो. ती मान खाली घालून उभी राहिली. एक शब्द बोलली नाही. पुढे थंडीच्या दिवसांत एके सकाळी मी फिरावयास निघालो होतो. कापूस वेचणीचा हंगाम होता आणि बायका लगबगीने वावरांकडे चालल्या होत्या. एवढ्यात ही मुलगी डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन समोरून आली. मला पाहून ती दचकली. “अगं, इतक्या सकाळी?” असे मी विचारले, तेव्हा हळूहळू सारे समजले. आई अंधारातच वेचणीला जाई. पाणी भरणे, चूल पेटविणे, धाकट्या भावाला जेवू घालून अंगणवाडीत पोहोचविणे, हे सारे तिच्याकडे होते. अंगणवाडी उघडावयास थोडा वेळ झाला, की तिची प्रार्थना चुके.

“मग अभ्यास केव्हा करतेस?” मी विचारले.

“चुलीजवळच्या कोनाड्यात पुस्तक ठेवते, सर. पाणी तापेपर्यंत एक पान होते,” ती म्हणाली.

चुलीवर पाणी तर रोज ठेवावेच लागत होते. जी युक्ती मी गांधीजींच्या आत्मकथेत अनेकदा वाचूनही नीट पाहिली नव्हती, ती या मुलीने कोणी न शिकविता शोधून काढली होती. तिचा दिनक्रम कोणत्याही कागदावर लिहिलेला नव्हता, आणि तो एक दिवसही मोडला नव्हता. मोडत होती ती केवळ माझ्या घड्याळातील दहा मिनिटे.

त्याच आत्मकथेत राजकोटच्या शाळेतील एक प्रसंग आहे. एके दिवशी सायंकाळी चारला व्यायामासाठी शाळेत जावयाचे होते. गांधीजींजवळ घड्याळ नव्हते. आभाळ भरून आल्यामुळे वेळ कळली नाही आणि ते पोहोचले तेव्हा मुले निघून गेली होती. मुख्याध्यापक गिमी यांनी त्यांचे म्हणणे खरे मानले नाही आणि आणा-दोन आण्यांचा दंड केला. आपल्याला खोटे ठरविले, या दुःखाने तो मुलगा रडला. खरे वागणाऱ्याने सावधही असले पाहिजे, असा बोध गांधीजींनी त्यातून स्वतःसाठी घेतला. तो त्यांचा मोठेपणा. मी मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसलेला माणूस. मला त्यात निराळा बोध दिसतो. उशीर झालेल्या मुलाला आधी कारण विचारावे आणि शिक्षेचा विचार मागून करावा.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी खोलीत बोलावून ‘माझी चूक झाली’ असे सांगितले. शिक्षा मात्र मी सर्वांसमोर केली होती. क्षमाही सर्वांसमोर मागावयास हवी होती. ते माझ्याने झाले नाही. आज हे लिहून ती उणीव थोडीशी भरून काढीत आहे.

म्हणून माझे मत असे आहे, की दुसऱ्याचे वेळापत्रक उतरवून घेऊन कोणाचीही सकाळ घडत नाही. आपली खुंटी आपल्याच घरात शोधावी. कोणाला ती दात घासण्यात सापडेल, कोणाला गाईला चारा टाकण्यात, कोणाला शाळेच्या बसची वाट पाहण्यात. तिला एकच लहानशी गोष्ट अडकवावी : एक पान, पाच सूर्यनमस्कार, एका कवितेचे एक कडवे. ती गोष्ट आपोआप होऊ लागली, की मगच दुसरीचा विचार करावा. एखादा दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी काही न बोलता पुन्हा तेथेच आरंभ करावा.

आणखी एक गोष्ट अवश्य करा. उद्या सकाळी उठाल तेव्हा घरात आपल्या आधी कोण उठले आहे, ते पाहा. बहुधा आई उठलेली असेल, कदाचित मोठी बहीण. आपला नीटनेटका दिनक्रम पुष्कळदा त्यांच्या अपुऱ्या झोपेवर उभा असतो. आपले अंथरूण आपण उचलावे, पाण्याची एक खेप आपण आणावी. आणि हे मुलींनी जितके करावे, तितकेच मुलांनीही करावे. नवी सवय टांगावयास खुंटी सापडत नसेल, तर हे काम हीच तुमची पहिली खुंटी समजा. पाण्याची खेप रोजच आणावी लागते. ती तुम्ही आणलीत, तर चुलीजवळच्या कोनाड्यातील पुस्तकाचे आणखी एक पान कोणाला तरी वाचावयास मिळेल.