घाटात काय नसावे?

अमेरिकेच्या ईशान्येला न्यू हॅम्पशायर नावाचे छोटे राज्य आहे. तिथल्या व्हाइट माउंटन नॅशनल फॉरेस्टमधून लिंकन आणि कॉनवे या दोन गावांना जोडणारा कँकमॅगस हायवे जातो. लांबी सुमारे 55 किलोमीटर, खिंडीची उंची 870 मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा बरीच कमी. ऑक्टोबरात मेपल आणि बर्चची पाने लाल-पिवळी झाली की बॉस्टनकडची मराठी मंडळीही तिकडे गाड्या काढतात आणि इकडच्या नातेवाइकांचे फोन फोटोंनी भरून जातात. फोटो पाहून आपल्याकडे हळहळ व्यक्त होते ती निसर्गाबद्दल. वास्तविक निसर्गात आपण कुठेही उणे नाही. आंबोली, ताम्हिणी, माळशेज यांच्यापुढे श्रावणात कँकमॅगस फिका पडेल. फरक आहे तो फोटोत न दिसणाऱ्या गोष्टींचा. त्या संपूर्ण 55 किलोमीटरमध्ये एकही पेट्रोल पंप नाही, हॉटेल नाही, खाण्याचे दुकान नाही. मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंजही नसते. टाकी भरायची, पोट भरायचे ते लिंकनमध्ये किंवा कॉनवेमध्ये. आपल्या घाटरस्त्यांनी तिकडून उचलण्यासारखी गोष्ट हीच आहे, आणि ती रुंदीकरणापेक्षा किंवा काचेच्या पुलापेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

तिथले जंगल पहिल्यापासून राखलेले होते, लोकही शहाणे होते, अशी समजूत करून घेऊ नये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाकूड कंपन्यांनी या डोंगरांत रेल्वेचे फाटे घालून उतारच्या उतार बोडके केले. मागे पडलेल्या फांद्या-पाल्याला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठमोठे वणवे लागले. डोंगर उघडे पडले, तशी मेरिमॅक नदीच्या पुराची आणि आटण्याची चिंता खालच्या कापडगिरण्यांना लागली, कारण त्या नदीवरच चालत होत्या. निसर्गप्रेमींच्या जोडीला गिरणीमालकांचा स्वार्थ उभा राहिला, तेव्हा कुठे 1911 साली वीक्स कायदा झाला. या कायद्याने केंद्र सरकारला खासगी मालकांकडून डोंगर विकत घेण्याची मुभा मिळाली आणि 1918 मध्ये हे राष्ट्रीय वन अस्तित्वात आले. त्यातून आरपार जाणारा रस्ता 1959 मध्ये खुला झाला. ज्या आदिवासी सरदाराचे नाव त्याला दिले आहे, त्याच्या लोकांना मात्र त्या भागातून कधीच हुसकावून लावले होते. या कौतुकाच्या कथेला ही काळी किनारही आहे. आज आपण ज्याला अस्पर्श निसर्ग म्हणून दाद देतो, ते शंभरेक वर्षांपूर्वी ओरबाडलेले आणि नंतर नियमाने वाढू दिलेले रान आहे. मग आमच्या घाटांची आता वाट लागलीच आहे, म्हणून हात झटकायला जागा उरत नाही.

या रस्त्याची शिस्त कशी चालते ते जवळून पाहण्यासारखे आहे. रस्ता राज्याचा हमरस्ता आहे. नुसते आरपार जायला कोणी अडवत नाही, टोल नाही. पैसे लागतात ते वनखात्याच्या ठरावीक वाहनतळांवर थांबायचे असेल तर. दिवसाचे पाच डॉलर पाकिटात घालून लोखंडी खांबाच्या फटीत टाकायचे, पाकिटाची पावती फाडून गाडीच्या काचेमागे ठेवायची. 2004 च्या केंद्रीय कायद्यानुसार अशा शुल्कातला किमान 80 टक्के वाटा जिथे जमा झाला त्याच वनक्षेत्रात खर्च करावा लागतो. सॅबडे धबधब्याची पायवाट, तिथली स्वच्छतागृहे, सहलीची बाके यांचा खर्च कुठून निघतो हे त्यामुळे येणाऱ्याला कळते. थोडक्यात, जाण्याला मोकळीक आहे आणि थांबण्याला नियम. आपल्याकडे नेमके उलटे आहे. आंबोलीच्या धबधब्यापाशी पावसाळ्यातल्या रविवारी गाडी अर्धी रस्त्यावर, अर्धी कठड्याला लावून दार उघडणारा मनाचा राजा असतो, आणि बेळगावहून भाजी घेऊन सावंतवाडीकडे उतरणारा टेम्पो त्याच्यामागे हॉर्न वाजवत तिष्ठत असतो. ज्याच्यासाठी घाट बांधला तो अडकतो आणि ज्याला दहा मिनिटे भिजायचे आहे तो रस्त्याचा मालक होतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो पोटापाण्याचा. घाटातली टपरी उठवली तर कणसे भाजणाऱ्या बाईने काय करायचे? प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळून कोणताही नियम टिकणार नाही. पण कँकमॅगसवर दुकाने नाहीत म्हणजे धंदा नाही असे नव्हे. तो दोन टोकांना सरकला आहे. लिंकन हे एके काळी लाकूड आणि कागद गिरणीचे गाव, आज ते पर्यटनावर जगते, आणि मध्ये काही मिळत नसल्यामुळेच तिथे गाड्या थांबतात. तिथलाही कारभार अगदी सोवळा नाही. लिंकनजवळचे लून माउंटन हे बर्फावर घसरण्याचे केंद्र वनखात्याच्याच परवान्यावर वनजमिनीवर उभे आहे, आणि राष्ट्रीय वनात आजही नियमाने लाकूडतोड होते. मुद्दा धंदा कुठे असावा एवढाच आहे. कारवाईची सुरुवात कणीसवालीपासून करून कड्याच्या टोकावरच्या रिसॉर्टकडे काणाडोळा केला, तर लोकांनी त्या कारवाईला विरोध करावा, तो योग्यच ठरेल.

दुसरा आक्षेप असा की अमेरिकेत जागा भरपूर, माणसे कमी, आणि जंगल सगळे सरकारचे. जमिनीचा मुद्दा खरा आहे. तिथे सरकारने डोंगर विकत घेतले, आपल्याकडे घाटमाथ्यावर वन, मालकी आणि गावकीच्या जमिनी एकमेकांत गुंतलेल्या आहेत. आंबोली, चौकुळ, गेळे इथल्या कबुलायतदार गावकर, म्हणजे गावाच्या सामायिक, जमिनींचा प्रश्न किती वर्षे भिजत पडला होता, हे सिंधुदुर्गात कोणालाही विचारा. म्हणूनच इथला नियम मुंबईहून फतवा काढून चालणार नाही, तो गावांच्या हातून चालवावा लागेल. हे अशक्य नाही, याचा दाखला सातारा जिल्ह्यातच आहे. कास पठारावर फुलांच्या हंगामात रोजच्या पर्यटकांवर मर्यादा आहे, ऑनलाइन नोंदणी आहे, शुल्क आहे, आणि ही व्यवस्था भोवतालच्या गावांच्या समित्या वनखात्याबरोबर सांभाळतात. तिथेही तक्रारी आहेतच. पण फुले तुडवण्याच्या मोकळिकीपेक्षा त्या तक्रारी परवडल्या.

गर्दीच्या मुद्द्यावर मात्र कँकमॅगसचे अंधानुकरण करू नये. दुकान नसले तरी ऑक्टोबरातल्या सुट्टीच्या दिवसांत तिथे गाड्यांच्या रांगा लागतातच, वाहनतळ भरून ओसंडतात. त्यासाठी वेगळा उपाय लागतो. कोलोरॅडोत अरापाहो नॅशनल फॉरेस्टमधून माउंट ब्लू स्कायच्या माथ्याकडे सुमारे 4,300 मीटर उंचीवर जाणारा रस्ता आहे. तिथे 2021 पासून वेळ ठरवून आगाऊ नोंदणी सक्तीची झाली. आरपार न जाणाऱ्या रस्त्यावर हे सोपे असते. आपला घाट बंद करता येणार नाही, कारण तो कोकणात उतरण्याची वाट आहे. पण थांब्यांवरच्या गाड्यांची संख्या बांधून देता येते.

आंबोलीपुरते बोलायचे तर सुरुवात फार मोठी नको. घाटाच्या पायथ्याला दाणोली आहे, माथ्यावर आंबोली गाव आहे. जून ते सप्टेंबरच्या शनिवार-रविवारी खासगी गाड्या या दोन ठिकाणी लावायच्या, धबधब्यापर्यंत एसटीच्या छोट्या गाड्या सोडायच्या, आणि चहा, भजी, कणसांचे गाळे याच दोन गावांत ग्रामपंचायतींनी द्यायचे, पहिला हक्क आज घाटात बसणाऱ्यांचा. मालवाहतूक आणि पुढे जाणारी वाहने अखंड चालू राहतील. फक्त याच परिसरात आढळणारा आंबोली टोड हा बेडूक पावसाच्या सुरुवातीला कातळसड्यावरच्या उथळ पाण्यात प्रजननासाठी येतो, म्हणून त्या आठवड्यांत सड्यांवर गाड्या चढवायला आणि रात्री रस्त्याकडेला थांबायलाही बंदी हवी. शुल्क घेण्याचे प्रयोग आपल्याकडेही होतात, पण जमा किती झाले आणि खर्च कुठे झाला, याचा फलक धबधब्यापाशी लागला पाहिजे. पहिल्या हंगामात हॉटेलवाले ओरडतील आणि पुण्या-कोल्हापूरचे पर्यटक गाडीतून उतरायला कुरकुर करतील. तेवढा एक हंगाम जिल्हा प्रशासनाने माघार न घेता काढावा, आणि ऑक्टोबरात दाणोलीच्या गाळेवाल्यांचा गल्ला किती झाला ते पाहून पुढच्या वर्षीचे ठरवावे.